पिसे मोजता येतात, पण चित्र कुठे आहे?

पक्ष्यांच्या छायाचित्राखाली हमखास येणारी एक दाद आहे: "काय शार्प आलाय! पीस न् पीस मोजता येतंय." ही दाद मनापासूनची असते आणि ती मिळवण्यामागे कष्टही असतात, हे मला मान्य आहे. तरीही शार्पनेस हा वन्य पक्ष्यांच्या छायाचित्राचा पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा निकष होऊन बसला आहे, आणि त्यापायी फ्रेमच्या रचनेचा, म्हणजे कॉम्पोझिशनचा, विचारच मागे पडला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे का झाले हे कळण्यासारखे आहे. शार्पनेस तपासता येतो. चित्र शंभर टक्के झूम करावे, डोळ्यावर फोकस आहे की नाही ते पाहावे आणि निकाल देऊन मोकळे व्हावे. रचनेबाबत असा झटपट निकाल देता येत नाही. तिथे आवडनिवड येते, वाद होतो आणि स्वतःच्या नजरेवर विसंबून बोलावे लागते. शिवाय शार्प चित्र हीच दुर्मीळ गोष्ट होती, असा मोठा काळ होऊन गेला. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीच्या घाटाचा कॅमेरा बनवून उडत्या पक्ष्यांची सेकंदाला १२ चित्रे टिपली, तेव्हा पंखांची हालचाल स्पष्ट दिसणे हेच मोठे यश होते. आज कॅमेरा स्वतःच पक्ष्याचा डोळा शोधतो. २०२१ मध्ये आलेला सोनी अल्फा १ सेकंदाला ३० चित्रे घेत असताना त्या डोळ्यावरचा फोकस धरून ठेवू शकतो. जे काम यंत्राने एवढ्या प्रमाणात अंगावर घेतले आहे, त्यावरच छायाचित्रकाराची पारख करत राहणे मला पटत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, शार्पनेसचा हव्यास रचनेकडे नुसते दुर्लक्ष करत नाही, तो तिला एका साच्यात बसवतो. ६०० मिमीची (दूरचे जवळ दाखवणारी) लेन्स, एफ/४ ॲपर्चर (म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच मोठे उघडलेले) आणि १० मीटरवरचा पक्षी असे गणित मांडले, तर फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम सहा-सात सेंटीमीटर भरते. चोचीपासून शेपटीपर्यंत सगळे शार्प हवे असेल तर सोपा मार्ग एकच, पक्षी कॅमेऱ्याला समांतर, आडवा बसलेला असावा. म्हणून मग तीच आडवी बैठक, तीच मोकळी काटकी, तीच गुळगुळीत हिरवी पार्श्वभूमी, आणि फ्रेम काठोकाठ भरून टाकणारा पक्षी. चित्र निर्दोष असते आणि त्यातला खंड्या कोणत्या पाणथळीवर, कोणत्या ऋतूत, काय करत होता याचा त्यात मागमूस नसतो. ओळख पटवण्याच्या पुस्तिकेला असे चित्र उत्तम आहे; माझी तक्रार आहे ती सगळीच चित्रे त्या पुस्तिकेसाठी काढल्यासारखी दिसतात, ही.

रचना म्हणजे तृतीयांशाचा नियम (फ्रेमचे आडवे-उभे तीन समान भाग कल्पून विषय त्या रेघांवर ठेवणे), असेही कोणी समजू नये. उथळ पाण्यात चरणारा शेकाट्या घ्या. उभ्याने फोटो काढला तर त्याच्या लांब गुलाबी पायांमागे दोन हातांवरचा चिखल येतो आणि पाय त्या चिखलात हरवतात. तोच कॅमेरा जमिनीलगत, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणला, की मागचा चिखल खाली सरकतो, त्या जागी दूरवरचा काठ येतो, तो विरघळून नुसता रंग उरतो आणि पायांची रेघ न् रेघ उठून दिसू लागते. आता फ्रेम थोडी खाली घेतली तर प्रतिबिंब पूर्ण मिळते. घेतली नाही तर प्रतिबिंबातले डोके कापले जाते आणि चित्र कायमचे अपुरे राहते. त्यानंतर वाट पाहायची ती मान किंचित आपल्याकडे वळण्याची, कारण तेवढ्याने डोळ्यात प्रकाशाचा ठिपका उमटतो. यातला एकही निर्णय कॅमेरा घेत नाही. (गुडघे आणि कोपरे चिखलात माखतात, हे ओघानेच आले.)

"क्रॉप करता येईल की" असे यावर म्हटले जाते. क्रॉपने, म्हणजे नंतर चित्राच्या कडा कापून, नको ते काढता येते. फ्रेमबाहेर राहिलेले पंखाचे टोक किंवा प्रतिबिंब मात्र परत आणता येत नाही आणि कॅमेऱ्याची उंचीही बदलता येत नाही. त्यातच ४५ मेगापिक्सेलच्या चित्राची लांबी आणि रुंदी निम्मी केली की हाती अकराच मेगापिक्सेल उरतात, म्हणजे ज्या तपशिलासाठी एवढा आटापिटा केला तोच आपण फेकून देतो.

मग तपशील वाढवायचा तर जवळ जावे लागते, आणि इथे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. लांबवरच्या पक्ष्याचे चित्र तापलेल्या जमिनीवरच्या थरथरत्या हवेने मऊ पडते, त्यावर महागडी लेन्सही इलाज करू शकत नाही, म्हणून लोक पुढे सरकत राहतात. दचकलेला पक्षी मान ताणतो, पिसे अंगाशी आवळून घेतो, चरणे थांबवतो. जाणत्या माणसाला ही भीती चित्रात स्पष्ट दिसते, आणि पिसे जितकी शार्प तितकी ती अधिक दिसते. दूर थांबून, झाडोऱ्यासकट, पाण्यासकट घेतलेल्या चौकटीत पक्षी लहान असेल, पण तो त्याच्या कामात असतो.

शार्पनेस आणि रचना यांचे मुळात वैर आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. एलियट पोर्टर या अमेरिकी छायाचित्रकाराने मोठ्या फॉरमॅटचा (मोठ्या आकाराच्या फिल्मवर चित्र घेणारा) कॅमेरा आणि फ्लॅश वापरून पक्ष्यांची रंगीत चित्रे काढली आणि १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचे प्रदर्शन भरवले. त्या कामात तपशिलाला तोटा नव्हता आणि मांडणीकडेही दुर्लक्ष नव्हते. नोंदीसाठी काढलेल्या चित्राची गोष्ट वेगळी. तिथे पंखावरचा पट्टा दिसला की काम झाले, रचना आणि शार्पनेस दोन्ही गौण.

स्वतःची चित्रे निवडताना मी पहिली चाळणी अगदी लहान आकारात लावतो, जिथे शार्पनेस कळतच नाही. त्या आकारात नजर धरून ठेवणारी चित्रेच पुढे झूम करून पाहतो. फोकस डोळ्याऐवजी पुढच्या गवतावर गेला असेल, तर मांडणी कितीही देखणी असली तरी ते चित्र मी ठेवत नाही. पण शटर १/३० सेकंद उघडे ठेवून, पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत घेतलेल्या थव्यात पंख विरघळले असतील आणि एखाददुसरेच डोके ठाशीव आले असेल, तर ते चित्र मी आनंदाने ठेवतो, आणि "थोडं सॉफ्ट वाटतंय" ही प्रतिक्रिया येणार हे ठाऊक असूनही सगळ्यांना दाखवतो.