गोळी आणि सूड यांच्या मधले दिवस

रफिकचा भाचा एमएस करायला शिकागोला गेलाय. परवा संध्याकाळी रफिक कट्ट्यावर आला तो फोन हातात धरूनच. कट्टा म्हणजे आमच्या मिरजेतल्या एका बंद दुकानाच्या तीन पायऱ्या आणि समोर चहाची गाडी. "पोरगं म्हणतंय, मामा, पश्चिमेकडच्या काही वस्त्यांत गोळीबार होतो, तिकडं जाऊ नका असं आल्याआल्याच सांगितलं. बहिणीचा डोळ्याला डोळा नाही."

वकील म्हणाले, "बंदुका काढून घ्या आणि गोळी चालवणाऱ्याला जन्मभर आत घाला. दुसरा उपाय नाही."

मी म्हणालो, "वकीलसाहेब, अमेरिकेत तुरुंग कमी नाहीत. तरी २०२१ या एका वर्षात ४८,८३० माणसं बंदुकीनं गेली. एक ते एकोणीस वयाच्या पोरांच्या मृत्यूचं पहिलं कारण तिथं आता बंदूक आहे. वाहनांचे अपघात नाहीत, कॅन्सर नाही."

अण्णा तोवर गप्प होते. त्यांची उभी नोकरी आरोग्य खात्यात गेली, क्षयाच्या गोळ्या घेऊन दारोदार फिरण्यात. ते म्हणाले, "शिकागोचंच सांगतो. गॅरी स्लटकिन नावाचा साथरोगांचा डॉक्टर. क्षय, कॉलरा, एड्स, सगळ्या साथींत राबलेला. १९९५ च्या सुमाराला अमेरिकेत परतला आणि गोळीबाराचे नकाशे बघायला लागला. त्याला ते कॉलऱ्याच्या नकाशासारखे दिसले. इथं पुंजका, तिथं पुंजका, एकातून दुसरा. मग त्यानं साथीत जे करतात तेच केलं. २००० साली वेस्ट गारफिल्ड पार्क या वस्तीत काम सुरू केलं आणि माणसं घेतली ती त्याच गल्ल्यांतली. काही तर तुरुंगात जाऊन आलेली. काम एकच, भांडण कुठं शिजतंय ते हेरायचं आणि बंदूक निघायच्या आत मध्ये पडायचं."

"हे मला पटत नाही," वकील म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण ते मनापासून बोलत होते. "रोगाला आरोपी नसतो, अण्णा. उद्या त्या मेलेल्या पोराच्या आईला सांगणार का, की तुझ्या मुलाला साथ लागली? तिला गुन्हेगार हवाय, आणि तो तिचा हक्क आहे."

हा मुद्दा खरा आहे. लिहितानाही मला त्याला सरळ उत्तर सापडत नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "खटला तुम्ही चालवा की. त्याला कोण नको म्हणतंय? पण ज्याच्यामुळं घरात क्षय पसरला त्याला मी दारात उभं राहून बोल लावला असता, तर पुढच्या आठवड्यात त्यानं दार उघडलं नसतं. आणि मला तर त्याच घरातली आणखी चार माणसं वाचवायची होती."

मीनाताई बावीस वर्षं कॅज्युअल्टीत नर्स होत्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी बघितलंय ते सांगते. बंदूक नव्हती, कोयता होता. रात्री साडेअकराला एका पोराला रिक्षातून आणलं, दंडावर वार. बरोबर पाच-सहा पोरं. एकाचा शर्ट रक्तानं पोटाला चिकटलेला, आणि तो व्हरांड्यात फोनवर एकच वाक्य बोलत होता, 'कुठाय तो आत्ता?' आम्ही आत टाके घालतोय आणि बाहेर दुसऱ्या पेशंटची तयारी चाललीय, हे मला कळत होतं. तेवढ्यात त्यांच्या तालमीचे वस्ताद आले. लुंगीवरच आले होते. कुणाला शिवी नाही, काही नाही. त्या पोराच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, 'आधी तोंड धू.' बेसिनपाशी स्वतः उभे राहिले. मग त्याला बाकावर बसवला आणि पहाटेपर्यंत शेजारी बसून राहिले. पुढं रोज पाचला त्याला घरून उठवून तालमीत न्यायचे, दोन-तीन महिने."

मी म्हणालो, "शिकागोत काही ठिकाणी हीच रीत आहे. गोळी लागलेलं पोरगं इस्पितळात आलं, की निरोप जातो आणि यांचा माणूस नातेवाइकांत येऊन बसतो."

"ताई, तुमचे वस्ताद वेळेवर पोचले म्हणून," वकील म्हणाले. "राग क्षणाचा असतो. दर वेळी कोण पोचणार?"

मला जे सांगायचं होतं ते इथंच होतं. अँड्र्यू पापाख्रिस्टोस हे समाजशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोतल्या २००६ ते २०१४ या वर्षांतल्या ११,००० हून अधिक गोळीबारांचा माग काढला. कोण कुणाबरोबर पकडला गेला होता, यावरून ओळखीचं जाळं मांडलं. जवळच्या माणसाला गोळी लागली की ती साखळी पुढं आपल्यापर्यंत येते, असं शंभरातल्या साधारण त्रेसष्ट प्रसंगांत दिसलं. आणि एका गोळीपासून त्या साखळीतल्या पुढच्या गोळीपर्यंत सरासरी अंतर होतं १२५ दिवसांचं. चार महिने! पहिल्या रात्री वस्ताद लागतात हे खरंच, पण त्यांनी पहाटे पाचला दार ठोठावण्यात जे महिने घालवले, तेही तितकेच मोलाचे.

वकील थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही मध्ये पडणारी माणसं पोलिसांना खबर देतात?"

"नाही देत," अण्णा म्हणाले. "एकदा दिली की वस्तीत त्यांना कुणी उभं करणार नाही."

"म्हणजे कट माहीत असून गप्प!"

यावर बराच वेळ जुंपली. रफिक वकिलांच्या बाजूनं गेला, मीनाताई अण्णांच्या. मी अण्णांच्या बाजूचा आहे, पण किंमत लहान नाही. अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहरात सेफ स्ट्रीट्स हे असंच काम २००७ पासून चालतं. तिथला सगळ्यांच्या ओळखीचा चेहरा, डांटे बार्क्सडेल, जानेवारी २०२१ मध्ये गोळ्या लागून गेला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या सर्वांत जुन्या पाच केंद्रांचा हिशेब मांडला, तेव्हा पहिल्या चार वर्षांत खून सरासरी ३२ टक्क्यांनी कमी भरले. सगळ्या केंद्रांत सारखं यश नाही, हे वकिलांनी लगेच काढलं आणि ते बरोबर आहे. मध्ये पडणारा माणूस कोण, त्याचा शब्द चालतो का आणि त्याचा पगार वेळेवर होतो का, यावर सगळं अवलंबून.

फिलाडेल्फियाचं रफिकला सर्वांत आवडलं. तिथं उकिरडा झालेल्या मोकळ्या जागा साफ केल्या, गवत लावलं, थोडी झाडं, बुटकं लाकडी कुंपण. ५४१ जागांचा रीतसर प्रयोग होता. गरीब वस्त्यांत त्या जागांभोवतालची बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. "गवतानं?" रफिकनं दोनदा विचारलं.

मग मीनाताईंनी विचारलं, "त्या ४८ हजारांत सगळे खूनच होते का?"

नव्हते. निम्म्याहून जास्त, २६,३२८, आत्महत्या होत्या. हा आकडा सांगितला की गप्पांचा सूर पडतोच. त्या दिवशीही पडला. कारण इथं १२५ दिवस नसतात. तो विचार आणि ती कृती यांत अनेकदा काही मिनिटंच असतात, आणि बंदुकीचा प्रयत्न झाला तर दहातले जवळपास नऊ जण वाचत नाहीत. तिथं कुणी धावून पोचणार नाही. हत्यार आधीच लांब असावं लागतं. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एका आठवड्याच्या आत तिघांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि काही तासांत जीव दिला. दुकानदार हादरला. पण तो आरोग्य खात्याच्या आणि संशोधनातल्या लोकांबरोबर बसला. खचलेलं गिऱ्हाईक कसं ओळखायचं, त्याला आज बंदूक कशी विकायची नाही, मित्राचे दिवस वाईट चाललेत तर त्याच्या बंदुका काही काळ आपल्याकडे कशा ठेवायच्या, याची पत्रकं त्यांनी काढली. राज्यातल्या जवळपास निम्म्या दुकानांनी ती लावली. बंदुका विकणाऱ्यांनीच हे केलं, म्हणून ते ऐकलं गेलं.

"आपल्याकडे कीटकनाशकाचा डबा," मीनाताई हळूच म्हणाल्या. विदर्भात त्यांची बहीण आहे. पुढं त्या बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही. अण्णा म्हणाले, श्रीलंकेनं सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण साधारण सत्तर टक्क्यांनी उतरलं. ती ठेवायला कुलुपाच्या पेट्याही वाटून बघितल्या होत्या, त्यांनी फरक पडला नाही.

"बघा, शेवटी कायदाच," वकील म्हणाले.

"तिथं कायदा, इथं वस्ताद. दोन्ही लागतात," अण्णा म्हणाले.

जून २०२४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे लोकांना आरोग्याचा सल्ला देणारे सरकारचे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी बंदुकीची हिंसा हे सार्वजनिक आरोग्याचं संकट आहे असं जाहीर केलं होतं. सरकार बदललं आणि मार्च २०२५ मध्ये ते निवेदन सरकारी वेबसाइटवरून उतरवलं गेलं. एप्रिलमध्ये वस्त्यांतल्या अशा कितीतरी कामांची अनुदानं मुदतीआधीच तोडली. मला याचा खरोखर राग येतो. लसीकरण मध्येच थांबवलं तर आपण गप्प बसलो असतो का?

चहाची गाडी आवरायला लागली होती. वकील उठता उठता मीनाताईंना म्हणाले, "ते वस्ताद असतात का अजून?"

"गुडघे गेले त्यांचे. मुलाकडे पुण्याला असतात."

"मग आता अशी पोरं आली की काय करता?"

"मी रिटायर झाले, वकीलसाहेब. पण पोरी सांगतात. व्हरांड्याचं दार आतून लावून घेतात आणि चौकीला फोन करतात."