फोटोतलं झाड देवदार नाही

मनालीकडच्या जंगलाचा एक फोटो ‘हजार वर्षांचा देवदार’ म्हणून फिरतोय. लोंबत्या डहाळ्यांचं ते झाड हिमालयातला स्प्रूस आहे, देवदारासारखाच एक सूचीपर्णी वृक्ष. हिमाचलात त्याला राई म्हणतात. आणि नुसत्या फोटोवरून वय सांगता येत नाही.

शंका असेल तर शंकू, म्हणजे बिया असलेलं खवल्यांचं बोंड, बघा. स्प्रूसचा लांबट, 10 ते 15 सेंटीमीटरचा, फांदीला खाली लटकतो आणि अख्खाच गळून पडतो. देवदाराचा अंडाकृती, फांदीवर उभा. त्याचे खवले झाडावरच सुटे होतात. देवदाराच्या सुया झुबक्यांनी येतात, स्प्रूसच्या एकेकट्या.

दोन्ही शेजारी वाढतात, गोंधळ समजण्यासारखा आहे. पण अफगाणिस्तानपासून नेपाळपर्यंत पसरलेल्या या देखण्या स्प्रूसला त्याचं नाव मिळायलाच हवं. फॉरवर्ड करताना कृपया मथळा बदला.