निम्मं प्लास्टिक जाळ्यांचं आणि दोष कोळ्यांचा?

पावसाळ्यात जाळ्यात गुरफटलेल्या कासवांचे फोटो आले की त्यांच्या पाठोपाठ एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा आशय असा: समुद्रातलं ४६ टक्के प्लास्टिक मासेमारीच्या जाळ्यांचं आहे. त्यामुळे पिशव्या आणि स्ट्रॉवरची बंदी हे निव्वळ नाटक. कोळी लोक फाटकी जाळी सरळ समुद्रात टाकून देतात. आपण मासे खाणं सोडलं की प्रश्न मिटला. २०२१ मध्ये एका गाजलेल्या माहितीपटाने यातला आकडा घरोघरी पोचवला, आणि तेव्हापासून तो फिरतोच आहे.

हा मजकूर हसण्यावारी नेता येत नाही, कारण त्यातला मूळ प्रश्न खरा आहे. हरवलेली, तुटलेली, सोडून दिलेली जाळी माणसाच्या मदतीशिवाय वर्षानुवर्षं मासे, कासवं, डॉल्फिन मारत राहतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर गोळा केलेल्या अशा ८,६९० बेवारस जाळ्यांचा (इंग्रजीत ‘घोस्ट नेट’) अभ्यास झाला, तेव्हा एवढ्या जाळ्यांत मिळून सुमारे ४,८०० ते १४,६०० कासवं अडकली असावीत असा अंदाज निघाला. त्यामुळे चिंता रास्त आहे. घोटाळा आहे तो त्या मजकुराच्या प्रत्येक वाक्यात.

‘समुद्रातलं ४६ टक्के प्लास्टिक’ यापासून सुरुवात करू. हा आकडा २०१८ च्या एका शोधनिबंधातला आहे, आणि तो सगळ्या समुद्राचा नाही. हवाई आणि कॅलिफोर्निया यांच्यामध्ये प्रवाहांच्या भोवऱ्यात कचरा साठणारा १६ लाख चौरस किलोमीटरचा एक पट्टा आहे. तिथे पृष्ठभागाजवळ तरंगणारं प्लास्टिक सुमारे ७९ हजार टन भरलं आणि त्यातलं ४६ टक्के, तेही वजनाने, जाळ्यांचं निघालं. त्याच निबंधात नगांनी मोजलं तर ९४ टक्के तुकडे सूक्ष्म प्लास्टिकचे आहेत. ते वाक्य मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. २०१० या एकाच वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेलं प्लास्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन असावं, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली कमीत कमी बाजू धरली, तरी त्या पट्ट्यातला सगळा साठा एका वर्षाच्या भरण्याच्या दोन टक्केही होत नाही.

गंमत अशी, की हा आकडा जाळ्यांचा खरा धोकाही दाखवत नाही. ट्रॉलरची, म्हणजे जाळं मागे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीची, जाळी बहुधा पॉलिएथिलिनची असतात. ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ती तरंगत तरंगत महासागराच्या मध्यापर्यंत पोचतात आणि मोजणीत येतात. नायलॉन खाऱ्या पाण्यापेक्षा जड. गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं मांडायचं जाळं, नायलॉनचं, वर बोये आणि खाली शिशाची वजनं लावलेलं. तुटलं की ते बुडतं आणि तळावर पुष्कळदा उभंच राहतं, म्हणजे मासे धरायला मांडलं होतं तसंच. उथळ, ओढीच्या पाण्यात ते लवकर गुंडाळलं जातं. खोल पाण्यात तसं होत नाही. नॉर्वेजवळ खोल पाण्यात हॅलिबट या चपट्या माशाच्या जाळ्यांवर मुद्दाम प्रयोग केले, तेव्हा ४५ दिवसांनंतरही ती चालू धंद्यातल्या जाळ्यांच्या २० ते ३० टक्के मासे धरत होती. अडकलेला मासा सडतो, त्याच्या वासाने खेकडे येतात, तेही अडकतात. हे जाळं ४६ टक्क्यांत कुठेच नाही, कारण ते वरून दिसतच नाही.

राहिली पिशव्यांवरची बंदी. युरोपीय संघाने २०१९ चा कायदा करण्याआधी किनाऱ्यांवरचा कचरा मोजला. त्यात एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या वस्तू सुमारे निम्म्या आणि मासेमारीचं सामान २७ टक्के होतं. मग त्यांनी एकाच कायद्यात दोन्ही घेतलं. भर समुद्रात जाळी जास्त, किनाऱ्यावर पिशव्या आणि बाटल्या जास्त, यात परस्परविरोध काहीच नाही. मुंबईत मोठ्या भरतीनंतर दादर-वर्सोव्याला समुद्र काय परत करतो ते बघायला कुठला शोधनिबंध लागत नाही.

आता सगळ्यात बोचणारा मुद्दा: ‘कोळी जाळी फेकतात.’ हे लिहिणारा कधी बंदरावर जाळं दुरुस्त करणाऱ्यांजवळ बसलेला नसावा. जाळं हे बोटीनंतरचं मोठं भांडवल, अनेकदा कर्जाऊ. ते फाटलं तर शिवतात. शिवण्यापलीकडे गेलं तर आधी बोये काढतात, मग शिसं, मग काठाचा दोर. हे सगळं नव्या जाळ्याला लागतं. उरलेलं भंगारात जातं, नाहीतर कोकणात परड्याभोवती कुंपण म्हणून, कोंबड्यांच्या खुराड्यावर, विहिरीच्या तोंडावर. ज्या जिनसेचे इतके उपयोग आहेत, ती कोण उगाच पाण्यात टाकेल?

मग जाळी हरवतात कशी? खडकात, बुडालेल्या जहाजात अडकतात. रात्री मांडलेल्या गिलनेटवरून ट्रॉलर जातो आणि जाळं घेऊन जातो. पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक बोटींच्या भांडणात ही तक्रार फार जुनी आहे. वादळं तर सांगायलाच नकोत. फयान, निसर्ग, तौक्ते या प्रत्येकाने बोटींबरोबर जाळीही नेली. २०२२ मध्ये सात देशांतल्या ४५१ मच्छीमारांच्या मुलाखतींवरून एक जागतिक अंदाज मांडला गेला: वापरातल्या सामानापैकी सुमारे २ टक्के दरवर्षी समुद्रात राहतं. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्यात गिलनेटच २,९६३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे झाकून पाचपट जवळपास भरेल एवढं. शिवाय खेकडे वगैरे धरायचे अडीच कोटींहून जास्त सापळे.

मुद्दाम टाकणारे अजिबात नाहीत, असं माझं म्हणणं नाही. डागडुजीत कापलेले तुकडे बोटीवरून टाकायची सवय आहे. बेकायदा मासेमारी करणाऱ्या बोटी गस्तीची चाहूल लागली की जाळं कापून पळतात. जहाजावरून प्लास्टिक, अगदी जाळ्याचा तुकडाही, समुद्रात टाकायला मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १९८८ अखेरपासून बंदी आहे. पण बंदरात तो तुकडा घेणारंच कुणी नसेल तर तांडेलाने तो कुठे ठेवायचा? केरळात कोल्लमजवळच्या शक्तीकुलंगराला २०१७ मध्ये ही सोय केली, तेव्हा ट्रॉलरवाले जाळ्यात आलेलं प्लास्टिक स्वतःहून परत आणू लागले आणि त्याचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला. आपल्याकडेही डिसेंबर २०१८ पासून मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्षाची एक योजना आहे: देवमुशी (व्हेल शार्क), कासव, डॉल्फिन असा संरक्षित जीव जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. स्वतःचं जाळं स्वतः कापणारी ही माणसं, आणि मजकुरात खलनायक तीच.

हरवलेल्या सामानाचा पहिला फटकाही मच्छीमारालाच. अमेरिकेत व्हर्जिनियात २००८ ते २०१४ दरम्यान, खेकड्यांचा हिवाळी हंगाम बंद झाल्याने रिकाम्या बसलेल्या मच्छीमारांनाच पैसे देऊन चेसापीक उपसागरातले ३४,४०८ बेवारस सापळे काढवले. त्यामुळे खेकड्यांच्या उत्पन्नात २ कोटी १३ लाख डॉलरची भर पडली, असा हिशेब नंतर निघाला.

या मजकुराखाली चिडून एक उलटा प्रतिसादही येतो: ‘जाळी तळाशी बसली की त्यावर शेवाळ चढतं, माशांना घर मिळतं.’ लोखंडी जहाजाबाबत हे काही प्रमाणात खरं असेल. जाळं जागेवर बसत नाही. लाटेबरोबर ते प्रवाळावर घासतं, फांद्या मोडतं, पुन्हा सुटतं आणि पुढच्या खडकावर जातं. हवाईच्या वायव्येकडच्या बेटांवरून अमेरिकी पाणबुडे १९९६ पासून हेच हाताने कापून काढताहेत. आपल्या आजोबांच्या वेळची सण या तागासारख्या धाग्याची आणि सुती जाळी हरवली तर कुजून जायची, म्हणून ‘पूर्वीपासून चालत आलंय’ हा युक्तिवादही टिकत नाही. अलास्काने ही जुनी गोष्ट मुद्दाम परत आणली: खेकड्यांच्या सापळ्याचा एक भाग सुती दोऱ्यानेच शिवायचा, असा नियम केला. सापळा हरवला की दोरा कुजतो, फट उघडते आणि आतले खेकडे बाहेर.

शेवटचा उपाय, ‘मासे सोडा’. त्यासाठी मालदीव बघा. जगात माणशी सर्वाधिक मासे खाणाऱ्या देशांत तो अगदी वर येतो, आणि तिथे ट्यूना गळाने, एकेक करून धरतात. तरीही मोसमी प्रवाह हिंद महासागरातल्या इतर देशांची जाळी तिथे आणून टाकतात. त्यात बहुतेक ऑलिव्ह रिडले कासवं सापडतात, पुढचा पर नायलॉनने हाडापर्यंत कापलेला. डहाणूच्या उपचार केंद्रात येणाऱ्या कासवांची गतही अशीच असते. मालदीवकरांनी उद्या मासे सोडले तरी तिथे एकही जाळं कमी येणार नाही, कारण ती त्यांची नाहीतच. ती कुणाची आहेत हे कळत नाही, कारण जाळ्यावर मालकाची खूण नसते. अशी खूण कशी लावावी आणि जाळं हरवलं तर कुणाला कळवावं, याची मार्गदर्शक तत्त्वं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्यविषयक समितीने २०१८ मध्येच मंजूर केली. नॉर्वेत जाळं हरवल्याची खबर देणं सक्तीचं आहे आणि सरकार दरवर्षी बोट पाठवून ती जाळी बाहेर काढतं. बाकी बहुतेकांसाठी ती तत्त्वं अजून ऐच्छिकच आहेत.