स्फोटाचा आवाज

काल भरत नाट्य मंदिरात एकांकिका बघितली. बाहेर चहा घेताना एक जुना मित्र म्हणाला, "देश सोडून पळालेल्यांनी दहशतीवर नाटकं लिहायची! लांब बसून काय, कोणीही लिहील." मी तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितोय.

चिलीचा नाटककार एरिएल डॉर्फमन तिथले राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारात सांस्कृतिक सल्लागार होता. 11 सप्टेंबर 1973 ला चिलीत लष्कराने सत्ता बळकावली. राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातली त्या दिवसाची पाळी याने मित्राबरोबर बदलली होती. तो मित्र मारला गेला, हा वाचला आणि परागंदा झाला. आता हा लांब बसलेला म्हणायचा का?

लष्करशहा पिनोशेची राजवट गेल्यावर त्याने 'डेथ अँड द मेडन' हे नाटक लिहिलं. त्या राजवटीतल्या छळाचा एकही प्रसंग स्टेजवर नाही. समुद्राकाठचं घर, तीन पात्रं. टायर पंक्चर झाला म्हणून नवऱ्याला घरी सोडायला आलेला एक सभ्य डॉक्टर, आणि त्याचा नुसता आवाज ऐकून थिजलेली बायको. छळताना तिच्या डोळ्यांवर पट्टी होती. चेहरा तिने पाहिलेलाच नाही. तोच का हा? नाटक शेवटपर्यंत सांगत नाही. शेवटी मोठा आरसा खाली येतो आणि प्रेक्षकांना स्वतःची तोंडं दिसतात.

आता माझी गोष्ट. 13 फेब्रुवारी 2010 ला जर्मन बेकरीत स्फोट झाला. पुढच्या वर्षी आम्ही त्यावर एकांकिका केली. ब्लॅकआऊट, फुल्ल व्हॉल्यूमवर धडाम, लाल स्पॉट, धूर. लोक खुर्चीतून उडाले, आम्ही खूश! प्रयोगानंतर एक काकू विंगेत आल्या. "त्या रात्री मी दोन तास पोराला फोन लावत होते रे. हा सिनेमाला बसलेला, फोन बंद करून. घरी आला तशी एक थोबाडीत दिली आणि मग मीच रडत बसले. ते नाही दाखवलंत तुम्ही."

आम्ही पुण्यात राहून जे पाहिलं नाही, ते डॉर्फमनला दिसतं.

मित्राचं एक मात्र मान्य, देश सोडला की काहीतरी सुटतंच. अल्जीरियाचा नाटककार अब्देलकादर अलूला लोकांच्या बोलीत नाटकं करत देशातच राहिला. 1994 च्या मार्चमध्ये ओरान शहरात त्याला गोळ्या घातल्या. तिथलाच नाटककार स्लिमान बेनाइसा फ्रान्सला गेला, जगला, पण बोलीत लिहिणारा हा माणूस फ्रेंचमध्ये लिहू लागला. आपला प्रेक्षक सुटणं ही किंमत काही थोडी नाही.

आमची ती संहिता माळ्यावरून काढलीये. धडाम खोडून झालं. थोबाडीत कुठे बसवायची ते अजून सुचत नाहीये.