झोपेची गोळी एकदम बंद करा, हा सल्ला पुढे पाठवू नका

पेठांमधल्या मंडळांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या झोपेच्या गोळीची सवय लागत नाही. भरपूर पाणी प्यायलं की दोन दिवसांत ती अंगातून जाते, नोकरीच्या तपासणीत सापडत नाही. आणि नको झाली की त्याच दिवशी बंद करावी, असं त्यात म्हटलंय. मी कोल्हापुरात मेडिकल चालवतो. या गोळ्या घेणारी माणसं रोज माझ्यासमोर उभी असतात, म्हणून लिहितोय.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यानं जीव जाऊ शकतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटातली औषधं मेंदूतल्या गाबा या रसायनाचा शांत करणारा परिणाम वाढवतात. महिनोन्‌महिने रोज गोळी मिळाली की मेंदू तिच्या हिशेबानं स्वतःला जुळवून घेतो. मग ती अचानक थांबली की झोप पार उडते, हात थरथरतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. काहींना भास होतात, काहींना फिट येते. म्हणून डोस हळूहळू उतरवतात. 2025 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सुरुवातीला दर 2 ते 4 आठवड्यांनी 5 ते 10 टक्के कपात करून पाहायची. वेग डॉक्टरांनीच ठरवायचा. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या एखाद्या आजींनी नातवानं मेसेज वाचून दाखवला म्हणून पट्टी कचऱ्यात टाकली, तर काय होईल या विचारानं मला खरंच धास्ती वाटते.

सवय लागत नाही म्हणता? 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं या सगळ्या बेन्झोडायझेपिन गटाच्या औषधांवर गैरवापर, व्यसन आणि अवलंबित्वाचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम 1 मार्च 2014 पासून एच-वन या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहेत. डॉक्टर, रुग्ण आणि किती गोळ्या दिल्या, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून 3 वर्षं जपावं लागतं. सवय लागत नसती तर हा खटाटोप कशाला? चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक चिडतं, पण मी मागणारच. केंद्र सरकारच्या 2019 च्या अहवालानुसार देशात सुमारे 1.18 कोटी लोक अशी औषधं उपचाराशिवाय घेतात. दारूवर गोळी घेतली तर श्वासच मंदावतो, हे त्या मेसेजमध्ये कुठंच नाही.

आता तपासणी. दोन दिवसांचा हिशेब सरसकट लागूच होत नाही. डायझेपाम दीर्घकाळ घेतलं असेल तर त्याचे अंश लघवीत काही आठवडेही सापडतात. पाणी ढोसलं तर लघवीत नेहमी असणारा क्रिएटिनिन हा घटक कमी येतो, नमुना पातळ असल्याचं कळतं आणि तो पुन्हा मागतात. ज्यांना गोळी रीतसर चालू आहे त्यांनी लपवायचं कशाला? चिठ्ठी न्यावी, आधीच सांगावं. लघवी तपासायच्या पट्टीवरची चाचणी प्राथमिक असते. शंका आली तर मास स्पेक्ट्रोमेट्री या प्रयोगशाळेतल्या अचूक तपासणीनं खात्री करून घेता येते.

तीच तपासणीची पट्टी काही गोळ्या पकडतही नाही. झोल्पिडेम तर बेन्झोडायझेपिन गटातलं नसल्यानं सहसा निसटतं. म्हणून कुणाला बेशुद्ध अवस्थेत आपल्या सीपीआर रुग्णालयात नेलंत, तर घरात सापडलेली रिकामी पाकिटं सोबत न्या आणि दारू घेतली होती का, तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गोळी सोडायची असेल, तर ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन केला तरी मार्गदर्शन मिळतं.