धनुर्वात गंजामुळे होत नाही

‘खिळा गंजलेला नसेल तर धनुर्वाताची भीती नाही, इंजेक्शनही नको’ असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आणि जीवघेणा ठरू शकणारा आहे. धनुर्वात क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी या जिवाणूमुळे होतो, ज्याचे बीजाणू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे टिकतात व बाभळीच्या काट्याने किंवा चकचकीत खुरप्यानेही जखमेत शिरतात. खोल जखमेत प्राणवायू मिळत नसल्याने हे जिवाणू तेथे वाढून विष तयार करतात. ते मज्जातंतूंमधून मज्जारज्जूपर्यंत पोहोचून स्नायूंना सैल ठेवणारे संदेश रोखते, म्हणून बहुधा आधी जबडा आखडतो. विशेष म्हणजे आजार होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही, त्यामुळे बऱ्या झालेल्या रुग्णालाही लस घ्यावीच लागते. जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांना दाखवावी.