लीडर कोण, ते आधी सांगा

जूनचा पहिला पाऊस पडतो न पडतो तोच फोनवर पावसाळी ट्रेकच्या जाहिराती आदळायला लागतात. माथेरानजवळचा पेब किल्ला ९९९ रुपये, पनवेलजवळचा कलावंतीण सुळका ८९९. पिकअप तीन हात नाका, ऐरोली, वाशी, कळंबोली. बस, नाश्ता, जेवण, फोटो सगळं धरून. लीडर कोण, तो या वाटेने पावसात कधी गेलाय का, पन्नास माणसांमागे लीडर किती, पाऊस वाढला तर कुठून माघारी फिरणार, यातलं एक अक्षर नसतं. विचारलं तर "एक्स्पिरियन्स्ड टीम आहे सर, काळजी करू नका." नाव विचारलं की मेसेज वाचतात आणि गप्प बसतात.

डोक्यात जातात हे लोक. याला ट्रेकिंग म्हणू नका. डोकी मोजून बस भरायचा धंदा आहे हा.

ठाण्यातल्या सीनियर लोकांनी आम्हाला डोंगर शिकवला तेव्हा नव्या पोराला पुढे चालूच देत नसत. आधी सगळ्यात मागे, शेवटच्या माणसाबरोबर. कोणाच्या बुटाचा तळ सुटलाय, कोणाला चक्कर येतेय, मघापासून बडबडणारा कोण अचानक गप्प झालाय, हे मागूनच कळतं. ते अंगवळणी पडलं की मग वाट काढायला द्यायचे. आता गेल्या महिन्यात पैसे भरून आलेला मुलगा या महिन्यात टी-शर्ट घालून लीडर होतो. त्या मुलावर माझा राग नाही. ज्याने घरी बसून त्याच्या हातात पन्नास जणांची यादी दिली, त्याच्यावर आहे.

मागच्या पावसाळ्यात पेबला जे बघितलं ते अजून डोक्यातून जात नाही. पावसात नेरळहून वर माथेरानला जाणारी मिनी ट्रेन बंद असते, त्यामुळे लोक रुळांवरून चालत कड्यावरच्या गणपतीपर्यंत येतात आणि तिथून खाली लोखंडी शिड्यांकडे उतरतात. धुकं असं की पुढच्या माणसाची फक्त सॅक दिसत होती. शिडीच्या वर एक बॅच, खाली दुसरी, दोन्हींना घाई. आधी कोणी थांबायचं हे ठरवायला एकही शहाणा माणूस नाही. ओल्या पायरीवर एक मुलगी खिळून उभी होती. तळ गुळगुळीत झालेले कॉलेजचे बूट, अंगात भिजलेली जीन्स, ओठ निळे पडलेले, बोटं एवढी गारठलेली की शिडीचा गज धरता येईना. वरून तिचा लीडर ओरडत होता, "चला चला, फक्त दहा मिनिटं." आम्ही तिला खाली घेतलं, कोरडा शर्ट दिला, गूळ-शेंगदाणे खायला लावले. भिजलेल्या अंगाला वारा लागला की आपल्या सह्याद्रीतही माणूस थंडीने कोसळतो, त्यासाठी हिमालयात जावं लागत नाही. लीडरला विचारलं, औषधाची पेटी कुठंय? बसमध्ये. मागे किती जण राहिलेत? "असतील सात-आठ." असतील! लोकांची पोरं आहेत ती.

ओढ्यांचं तर बोलायलाच नको. आपल्याकडचा कातळ पाणी पीत नाही आणि उतार उभा. वर पठारावर पाऊस कोसळत असतो, तुमच्या डोक्यावर थेंबही नसतो, आणि बघता बघता घोट्याएवढं पाणी कमरेला लागतं. सकाळी दगडांवरून उड्या मारत ओलांडलेला ओढा दुपारी माणूस उचलून नेतो. अशा वेळी एकच काम करायचं असतं: अलीकडे बसून राहायचं, पाणी उतरेपर्यंत. पण बसवाल्याची रात्रीची दुसरी फेरी ठरलेली असते, आयोजकाचे फोन सुरू होतात, आणि मग हाताला हात धरून साखळी करा म्हणतात. एकाचा पाय सुटला की अख्खी साखळी जाते, हे यांना कोणी शिकवलेलंच नाही.

आणि मग धावायचं कोणी? शिवदुर्ग मित्र, यशवंती हायकर्स यांसारखी डोंगरात अडकलेल्यांना सोडवणारी पथकं, पनवेल-कर्जतकडची पोरं. स्वतःची नोकरी-धंदा सोडून, फुकट. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वर गाडी जायला रस्ता नव्हता, मदतीला गेलेला प्रत्येक माणूस पावसात, चिखलातून चालत चढला. नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी त्या चढावर हृदयविकाराने गेला. तो डोंगर पनवेलहून दिसतो. एवढं बघूनही ऐन जुलैत त्याच पट्ट्यात पन्नास-पन्नास माणसं न्यायची आणि वाट चुकली की त्याच लोकांना फोन लावायचा, याची जरासुद्धा लाज वाटत नाही?

सरकारचं दरवर्षीचं औषध एकच, बंदी. धबधबा बंद, किल्ला बंद, पायथ्याला पोलीस. आयोजक लगेच जागा बदलतो, ज्या वाटेला कोणी पाय लावला नाही अशा वाटेला त्याच बसमधली तीच माणसं घेऊन जातो. मार खातात ते वर माचीवर पिठलं-भाकरी करून घालणारे लोक, ज्यांची चार महिन्यांची कमाई जाते, आणि नीट तयारीने जाणारे चार जणांचे गट.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्येच आलंय. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, असं त्यात आहे. मग त्या जाहिरातीवर नोंदणी क्रमांक का नसतो? आणि तपासायला डोंगर कशाला चढायला हवा? या बस शनिवारी रात्री तीन हात नाक्यावर, वाशीला हायवेच्या कडेला सगळ्यांदेखत उभ्या असतात. तिथेच थांबवा. नोंदणी दाखव म्हणा, लीडरला खाली उतरवा, दोर आणि औषधाची पेटी उघडून बघा, शेवटच्या माणसामागे कोण चालणार ते विचारा. नसेल तर बस तिथूनच माघारी, आणि लोकांचे पैसे तिथल्या तिथे परत करायला लावा.